जोडीदार वर्गाबाहेरचा हवा

डिझाइन थिंकिंग, म्हणजे वापरणाऱ्या माणसाची गरज समजून घेऊन वस्तू घडवायची पद्धत, शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर तिच्या पाच पायऱ्या लिहून देऊ नका. मुलांच्या जोड्या लावा, आणि जोडीतला एक जण कॉलेजबाहेरचा असू द्या. मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना शिकवते, म्हणून हे आग्रहानं लिहितेय.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००५ च्या सुमारास डी.स्कूल हे डिझाइन शिकवणारं केंद्र सुरू झालं, आयडिओ या डिझाइन कंपनीचे डेव्हिड केली त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथला पाकिटाचा सराव आता जगभर घेतला जातो. आधी सगळ्यांनी आपापल्या मनातल्या आदर्श पाकिटाचं चित्र काढायचं. ते झटक्यात होतं. मग ते बाजूला सारून समोरच्याला म्हणायचं, तुमचं पाकीट उघडून दाखवा. एकेक वस्तू बाहेर निघते तसं बोलत राहायचं. त्याची खरी गरज एका वाक्यात लिहायची, चार-पाच कल्पना रेखाटून त्याच्यापुढे ठेवायच्या, तो नाही म्हणाला तर का ते ऐकायचं, आणि शेवटी पुठ्ठा-चिकटपट्टीतून काहीतरी बनवून त्याच्या हातात द्यायचं. प्रत्येक टप्प्यावर दोघांनी आळीपाळीनं. तास-दीड तासात उरकतं.

आपल्याकडे हा सराव बहुधा एकाच बाकावरच्या दोघांत होतो. दोघांच्याही पाकिटात तेच ओळखपत्र, तोच एसटीचा पास. विचारण्यासारखं उरतंच काय?

यंदा आम्ही बाहेरची माणसं बोलावली. एका मुलाच्या वाट्याला तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार आले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांकडे पाकीटच नव्हतं. बंडीच्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत औषधाच्या दुकानाची उधारीची पावती, फवारणीचं प्रमाण लिहिलेला कागद आणि चार घड्या घातलेली एक चिठ्ठी.

“पिशवी कशाला, तात्या?”

“फवारताना भिजतंय की सगळं.”

मुलगा ‘वॉटरप्रूफ पाकीट’ असं लिहायलाच लागला होता. मी म्हटलं, अजून एकदा विचार. त्यानं चिठ्ठीकडे बोट केलं. तात्या म्हणाले, “गेल्या सीझनची हाय. व्यापाऱ्यानं निम्मं पैसं दिलं, निम्मं ऱ्हायलं. ही हाय तवर मागायला तोंड हाय.”

त्यानं लिहिलेलं वाक्य खोडलं. तात्यांना पाकीट नको होतं, माल गेल्याचा पुरावा हरवू नये एवढंच हवं होतं. मग त्यानं व्यापाऱ्याच्या सहीचं, दोन प्रती निघणारं छोटं पुस्तक रेखाटलं. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. “सही मागितली की म्हणंल, विश्वास न्हाई व्हय? अन् दुसऱ्या बागंत जाईल.” हे कुठल्या पुस्तकात सापडलं असतं? द्राक्ष तयार झाल्यावर थांबत नाहीत, त्यामुळे बांधावर शेतकऱ्याचा हात दगडाखाली असतो, हे त्या मुलाला तेव्हा कळलं. शेवटी त्यानं पुठ्ठ्याची पाटी केली. तिच्यावर तारीख, वजन, द्राक्षाचा चार किलोमागचा दर, गाडीचा नंबर. क्रेटच्या थप्पीवर ती ठेवायची आणि फोटो काढून घरी पाठवायचा. “फोटो तर आमी काढतोयच,” तात्या म्हणाले, आणि पाटी मागून घेऊन गेले.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती उलटी बाजू. तात्यांनी मुलाचं पाकीट हातात घेतलं आणि सरळ विचारलं, “घरनं किती येत्यात? महिना निघतोय का?” पोरगं कानापर्यंत लाल झालं. अनोळखी माणसापुढे आपला खिसा उघडताना काय वाटतं, हे त्याला तिथं समजलं, आणि त्यानंतरचे त्याचे प्रश्न ऐकण्यासारखे होते. आवाज खाली आला, घाई गेली. तात्यांनी त्याच्यासाठी कागदाचे दोन कप्पे केले. एक उघडा. दुसरा परीक्षा फीचा, टाक्यांनी बंद, “उसवायचा तर आदी आईला फोन करायचा.” शेतकऱ्याकडून फॉर्म भरून घेतला की तो फक्त उत्तरं देतो. इथं त्यालाही विचारायचा आणि बनवायचा हक्क असतो, म्हणून हा सराव मला सर्वेक्षणापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

दरवर्षी प्रोजेक्टच्या प्रदर्शनात ‘शेतकऱ्यांसाठी अॅप’ असतंच. तो शेतकरी कोण, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. दोष मुलांचा नाही, आपण त्यांना कुणासमोर बसवलेलंच नसतं. दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या जीई कंपनीचे डग डिट्झ अनुभवी डिझायनर होते, पण आपल्याच एमआरआय यंत्राला घाबरून रडणारी लहान मुलगी दिसेपर्यंत यंत्र उत्तम आहे असंच त्यांना वाटत होतं. मग ते डी.स्कूलमध्ये शिकले, मुलांशी बोलले आणि स्कॅनची खोली समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी सजवली. आतलं यंत्र तेच राहिलं, पण भूल द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या खूप घटली.

अभ्यासक्रमात बसत नाही, असं काही सहकारी म्हणतात. सहा महिने चुकीच्या गोष्टीवर घालवणं बसतं, तर एक दुपार का बसू नये? मिरजेत सतारी बनवणारे कारागीर आहेत, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल आहेत, कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर उभे राहणारे आहेत. बोलवा त्यांना. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी कॉलेजनं द्यावी. बागायतदारांना ऑक्टोबर छाटणीत किंवा माल निघताना बोलावू नका, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना त्यातल्या त्यात सवड असते.