उटीची खरी गाडी कुन्नूरच्या खाली आहे

फेब्रुवारीत आईबाबांना कन्याकुमारीला घेऊन गेलो, ट्रेनने, आणि मधे कोईमतूरला उतरून उटीची गाडी केली. घरात सगळे मागे लागले होते की विमानाने जा, दोन तासात कोईमतूर. पण माझे बाबा 31 वर्षं कर्जत-लोणावळ्याच्या भोर घाटात बँकरवर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनांवर होते, आधी असिस्टंट मग ड्रायव्हर, त्यांना विमानाच्या खिडकीतून मी काय दाखवणार होतो?

कुर्ला टर्मिनसहून रात्री निघालो. कर्जतला मागून बँकर लागले, हलकासा धक्का बसला, सगळा डबा गाढ झोपेत आणि बाबा बर्थवर उठून बसलेले. "लागले," एवढंच म्हणाले. लोणावळा जाईपर्यंत आडवे झाले नाहीत.

आता मुद्द्याचं. आपल्याकडचे बरेच टूरवाले पॅकेजमध्ये "टॉय ट्रेन राइड" म्हणून उटी ते कुन्नूर तेवढा तासाभराचा तुकडा दाखवतात, लोक सेल्फी काढतात आणि उटीची ट्रेन झाली म्हणून घरी येतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्या तुकड्यात गाडीला डिझेल इंजिन असतं आणि रुळांच्या मधे दाते नसतात. खरी गाडी खाली मेट्टुपालयमहून सकाळी 7:10 ला सुटते. वर पोचायला जवळपास पाच तास, अंतर फक्त 46 किलोमीटर, टॅक्सी त्याच्या निम्म्याहून कमी वेळात नेते, तरी ही गाडीच करा. आदल्या रात्री मेट्टुपालयमला राहा आणि तिकीट खूप आधी काढा, कारण डबे मोजकेच असतात.

कल्लार स्टेशन गेलं की रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात, दोन शेजारी शेजारी, एकीचा दाता तिथे दुसरीची खाच, इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. इंजिन मागे असतं, ढकलतं, अगदी आपल्या बँकरसारखं. फक्त आपल्या भोर घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, आणि इथला साडेबाराला 1! बाबा हे आकडे दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा खिडकीबाहेर बघत. ड्रायव्हर मागे, त्याला पुढचं दिसत नाही, म्हणून प्रत्येक डब्याच्या टोकाला एक ब्रेकवाला उभा असतो, सगळ्यात पुढचा रूळ बघून हिरवं निशाण दाखवतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असं ते निशाण इंजिनापर्यंत जातं. दरी, धबधबे, चहाचे मळे सगळं सुंदर आहेच हो, पण मी तासभर त्या निशाणांकडेच बघत बसलो होतो.

1899 ला ही लाइन कुन्नूरपर्यंत आली, 1908 ला उटीपर्यंत गेली, 2005 ला युनेस्कोच्या यादीत. वाटेत हिलग्रोव्ह स्टेशनला इंजिन पाणी पितं तेव्हा सगळे उतरून चहा घेतात, माकडं हातातला वडा ओढतात, आईचा गेला. एक सांगून ठेवतो, ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तिकडचा पाऊस तेव्हा असतो आणि दरडी कोसळून कुन्नूरच्या खालची गाडी बंद पडते.

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं, डिझेल लागतं. मी आईला बाकावर बसवलं आणि बघतो तर बाबा गायब. इंजिनापाशी उभे. ड्रायव्हर तमिळ, बाबांना तमिळचा गंध नाही, इंग्रजीही जेमतेम. "बँकर. भोर घाट. थर्टी वन इयर्स," असं बोटाने स्वतःच्या छातीवर दाखवत होते. त्या माणसाने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि बाबांना वाकवून खालचं दातेरी चाक दाखवलं, मग दोघं तिथेच वाकून, एक मराठीत एक तमिळमध्ये, कितीतरी वेळ बोलत होते. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा आईने हाक मारली, मग आले. हाताला काळं तेल लागलेलं. आईने रुमाल पुढे केला, तो त्यांनी खिशात ठेवला आणि उटीपर्यंत हात तसेच मांडीवर उताणे ठेवून बसले.