केमोचा थकवा पडून राहून जात नाही

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: कॅन्सरवर केमो (केमोथेरपी) चालू असलेल्या माणसाला अंथरुणावरून उठू देऊ नका, थकवा आला म्हणजे औषध लागू पडतंय, जेवढी झोप तेवढी ताकद, आणि अशक्तपणावर बीटाचा रस द्या. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण त्यानं पेशंटचं नुकसान होतं.

"थकवा म्हणजे औषध लागू पडतंय." अजिबात नाही. गाठ कमी होतेय का, ते स्कॅनमध्ये कळतं. थकवा चांगलाच मानला की पेशंट डॉक्टरांपुढं त्याचं नावही काढत नाही.

"जेवढी झोप तेवढी ताकद." खरी गफलत इथं आहे. शेतातल्या कामाचा शीण रात्रभर झोपलं की उतरतो. केमोचा थकवा झोपून उठलं तरी अंगात तसाच असतो. दिवसभर पडून राहिलं की स्नायूंची ताकद जाते, जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागतो आणि रात्रीची झोपही मोडते. त्यात उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड आहे, झोप उडवतं. आमच्या काकी केमोच्या दिवशी रात्री दोन वाजता फडताळातले डबे पुसत बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर झोपायच्या. काका म्हणायचे, "निजू दे तिला." शेवटी डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर सुरू केली, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, आणि संध्याकाळी रंकाळा तलावावर चालायला नेऊ लागलो. सुरुवातीला एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, तेवढंच. थकवा पुरता गेला नाही, पण रात्री सलग झोप लागायला लागली. या थकव्यावर अभ्यासांतून सगळ्यात भक्कम आधार मिळालाय तो झेपेल तेवढ्या व्यायामालाच. मात्र आजार हाडांत गेला असेल किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

झोपेची गोळी तर मेडिकलमधून परस्पर आणूच नका.

"बीटाचा रस द्या." आवडत असेल तर द्या. पण केमोमुळं हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणंच मंदावतं, ते रसानं भरून निघत नाही. हिमोग्लोबिन बघा, थायरॉइड तपासा, मन खचलंय का तेही विचारा. थकव्याची ही कारणं उपचारानं सुधारतात. डॉक्टरांना नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणू नका, शून्य ते दहामध्ये किती ते सांगा. आणि अंग गळून गेलंय, वर ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आहे, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.