अकरा महिन्यांचा गोंयकार

कंपनीने अकरा महिन्यांसाठी पणजीला पाठवलंय? अभिनंदन! 'तुझी काय बाबा, मजा आहे' हे वाक्य आता रोज ऐकायची तयारी ठेवा. मी गणपती उरकून पुण्याहून दोन बॅगा, एक कुकर आणि एक कालनिर्णय घेऊन इथे आलो, त्याला चार महिने झाले. म्हणजे सल्ला देण्याइतका जुना झालोच.

विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळी, आणि २०२३च्या जानेवारीपासून पार उत्तरेच्या टोकाला मोपा. जे तिकीट स्वस्त असेल ते काढा, वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला द्या. ओला-उबर उघडून वेळ घालवू नका.

दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. पुणेकरांनी ही सूचना गाळली तरी चालेल.

स्कूटर एमएच पासिंगचीच आणा, नाक्यानाक्यावर ओळखी होतात.

भाषेची चिंता नको. आपण मराठीत बोलावं, समोरचा कोंकणीत बोलतो, सगळं कळतं. प्लंबर 'फाल्यां येतां' म्हणाला तर त्याचा अर्थ 'उद्या येतो' असाच आहे. कुठला उद्या, ते विचारू नये. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला की मात्र लगेच खाली पळा, गरम पोई मिळते. (ह्यात उपरोध नाही.)

घर मात्र शक्यतो आपल्या माणसाचं घ्या. मी घेतलं. मालक पुण्याचे, फोनवर पहिलंच वाक्य, 'अरे वा, म्हणजे आपलेच की!' भाडं बावीस हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं, अकरा महिन्यांचा करार. नोव्हेंबरअखेर त्यांचा फोन. 'अहो, जरा रंग काढायचाय. वीस डिसेंबर ते पाच जानेवारी कुठे नातेवाइकांकडे जाऊन येता का?' मी भला माणूस. फोंड्याला ऑफिसातल्या मित्राच्या सोफ्यावर झोपलो आणि रोज बसला लोंबकळत पणजी गाठली. तिथेच एका रात्री सहज मोबाईलवर गोव्यातली घरं चाळत होतो, तर माझंच घर! भिंतीवर माझं कालनिर्णय, गॅसवर माझा कुकर, खाली 'सुसज्ज स्वयंपाकघर'. एका रात्रीचे साडेसहा हजार! चार रात्रींत माझ्या महिन्याहून जास्त. आणि मी इकडे मित्राच्या आईला 'काकू, आमच्याकडे रंगकाम चाललंय' असं सांगत होतो.

परत आलो. रंगाचा एक हात नाही. कालनिर्णयावर दुधाचा हिशेब होता, त्यावर कुणीतरी स्कूटर भाड्याने देणाऱ्याचा नंबर खरडलेला. कुकरची रिंग गायब. सोफ्यावर वाइनचा हा एवढा डाग. परवा मालकांचा मेसेज आला, डागाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार म्हणून. माझ्या डिपॉझिटमधून! मी त्या दिवशी फोंड्यात सोफ्यावर होतो, पण दुसऱ्याच्या!

आता हसत हसत सांगणं जमणार नाही. आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. रात्री दिवा लागतो तिघांकडे. बाकीचे पुण्याचे, मुंबईचे, दिल्लीचे. वर्षभर कुलूप, सीझनला धंदा. ऑफिसातला एक जण वाळपईहून रोज येतो-जातो, लग्न झाल्यापासून पणजीत खोली शोधतोय. घरं आहेत, पण ती राहायला द्यायची नाहीत. आणि आपण वर तोंड करून विचारतो, 'गोव्याची माणसं बाहेरच्यांशी अशी तुसडी का वागतात हो?' का वागू नयेत? १९६७च्या जनमत कौलात त्यांनी महाराष्ट्रात यायला नकार दिला, तर आपण हप्त्यांवर एकेक टूबीएचके उचलून गोवाच घ्यायला निघालो! 'भायले' म्हणाले की मला पूर्वी राग यायचा. आता कुणाला म्हणतात ते कळतं.

आणि काका, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. भाड्याने दिलेलं घर परस्पर दुसऱ्याला देणं ह्याला आपल्याकडे लबाडी म्हणतात, पुण्यातही आणि पणजीतही. सतरा दिवसांचं भाडं परत करा. डागाचे पैसे ज्यांनी सांडलं त्यांच्याकडून घ्या. आणि कुकरची रिंग पाच लिटरची लागते, तीन लिटरची पाठवू नका.