मिठाने विष उतरतं म्हणून 'ग्रेन ऑफ सॉल्ट'? नाही हो!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. रोमन सेनापती पॉम्पे विषबाधा होऊ नये म्हणून रोज मिठाचा खडा खायचा, मिठाने विष उतरतं, त्यावरून रोमन लेखक प्लिनीने इ.स. ७७ मध्ये 'ग्रेन ऑफ सॉल्ट' (मिठाचा खडा) हा वाक्प्रचार वापरला आणि त्याचा अर्थ 'हे खोटं आहे'. नाव आणि साल दिसलं की आपण लगेच पुढे पाठवतो, म्हणून एकेक बघू.

मुळात विषावरचा तो उपाय पॉम्पेचा नव्हताच. तो त्याचा शत्रू, काळ्या समुद्राकाठच्या पोंतसचा राजा मिथ्रिडेटिस याचा. तो हरल्यावर त्याच्या खासगी चीजवस्तूंत त्याच्याच हस्ताक्षरातली कृती पॉम्पेला सापडली असं प्लिनी सांगतो. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापाची वीस पानं (आपल्याकडे कुंडीत लावतात तीच सताप) एकत्र कुटायची, वर मिठाचा एक खडा घालायचा आणि उपाशीपोटी घ्यायचं, मग त्या दिवशी विष बाधत नाही म्हणे.

म्हणजे मीठ त्या कृतीत वरून घातलेलं, नुसतं मीठ हा विषावरचा उपाय नव्हेच. आणि मिठाने विष उतरतं हे वाक्य तर कृपा करून पुढे पाठवू नका, आजही गावाकडे कुणी फवारणीचं औषध प्यायलं की घरचे मिठाचं पाणी पाजतात आणि त्याने रक्तातलं सोडियम वाढून किंवा उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस जास्तच अत्यवस्थ होऊ शकतो, तेव्हा काहीही न पाजता थेट दवाखाना गाठायचा.

प्लिनीचं मीठ खरंखुरं मीठ आहे, वाक्प्रचार नाही. आजच्या अर्थाने इंग्रजीत हे सापडतं ते १६४७ मध्ये, जॉन ट्रॅप नावाच्या धर्मोपदेशकाच्या बायबलवरच्या भाष्यात. मधे दीड हजारावर वर्षं गेली! प्लिनीच्या ओळीवरूनच ते आलं असेलही, पण त्याने तसं वापरलं नव्हतं.

राहिला अर्थ. 'खोटं आहे' नाही, तर 'सगळंच्या सगळं खरं धरू नका'. हल्ली मराठीत 'चिमूटभर मिठासह घ्या' असं सर्रास छापतात ते मला फार खटकतं, कारण आपल्याकडे मीठमिरची लावून सांगणारा माणूस गोष्ट फुगवणारा असतो, म्हणजे मीठ बरोबर उलट्या बाजूला गेलं. 'ऐका, पण जरा जपून विश्वास ठेवा' एवढं म्हटलं तरी कुणालाही कळतं.