पेज नंबरसाठी प्रबंधाच्या वेगवेगळ्या फाईली करायला सांगणारा तो मेसेज चुकीचा आहे

पीएचडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "प्रबंध सबमिट करताय? आधी हे वाचा" असा. त्याचं म्हणणं असं की वर्डमध्ये एकाच फाईलीत रोमन (सुरुवातीच्या पानांचे i, ii, iii) आणि साधे (प्रकरणांचे १, २, ३) असे दोन्ही पेज नंबर येत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करा, मुखपृष्ठावरचा नंबर पांढऱ्या चौकोनाने झाका, मराठी आकडे हाताने टाईप करा, आणि हे सगळं नको असेल तर पीडीएफ करून कुठल्याही फुकट वेबसाईटवर नंबर मारून घ्या. मी डीटीपीचं काम करते, सबमिशनच्या दिवसांत असल्या सल्ल्याने बिघडलेल्या फाईली माझ्याकडे येतात आणि पोरं अक्षरशः रडकुंडीला आलेली असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

दोन प्रकारचे नंबर एका फाईलीत येत नाहीत हे साफ खोटं आहे. प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका संपली की पहिल्या प्रकरणाच्या आधी कर्सर ठेवा, लेआउटमध्ये ब्रेक्स, आणि तिथे सेक्शन ब्रेकच्या खालचं नेक्स्ट पेज निवडा, की फाईलीचे दोन सेक्शन, म्हणजे वेगवेगळ्या सेटिंगचे दोन भाग होतात. कंट्रोल एंटर मारू नका, त्याने नुसतं पान बदलतं, सेक्शन बदलत नाही, आणि "मी ब्रेक दिला तरी होत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांनी तेच केलेलं असतं. मग पुढच्या भागात कर्सर ठेवून फॉरमॅट पेज नंबर्स उघडा, स्टार्ट ॲट मध्ये १ टाका, आणि आधीच्या भागात जाऊन त्याच चौकटीत नंबर फॉरमॅटमध्ये रोमन निवडा. झालं. लिंक टू प्रीव्हियस नावाचं जे बटण आहे त्याला लोक उगाच घाबरतात, ते फक्त फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळच्या पट्टीत काय दिसणार एवढंच जोडतं, नंबर कुठून सुरू होणार आणि कुठल्या आकड्यांत दिसणार हे प्रत्येक सेक्शनचं वेगळं ठरतं. एका भागात नंबर नको आणि पुढच्यात हवा असेल तेव्हा ते बटण बंद करा, तेही पुढच्या भागाच्या फूटरमध्ये उभं राहून.

आता मेसेजवाल्याचा अनुभव कुठून आला असेल ते मला कळतंय. मध्येच एक मोठा तक्ता आडव्या पानावर घ्यायचा असतो, त्यासाठी सेक्शन ब्रेक द्यावे लागतात, आणि अचानक तक्त्याच्या पानाला परत १ येतो, तक्त्यानंतरच्या पानालाही १ येतो, की लोक म्हणतात वर्डचं डोकं फिरलं. तसं काही नसतं. सेक्शन मधोमध कापला की नव्या तुकड्यांना जुन्याच्या सगळ्या सेटिंग मिळतात, स्टार्ट ॲट १ सुद्धा! प्रत्येक नव्या तुकड्यात जाऊन कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन निवडलं की संपला विषय. आणि ब्रेक पुसून टाकायची घाई करू नका, ब्रेक पुसला की त्याच्या वरच्या मजकुराला खालच्या सेक्शनची मांडणी लागते, म्हणजे तुमचे रोमन नंबर गायब.

वेगळ्या फाईलींबद्दल. यात अर्धं खरं आहे, शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारात) प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलेले असतात, म्हणून तुकडे लागतात. पण तुकडे पीडीएफचे! वर्डची फाईल एकच ठेवा, अख्खी पीडीएफ काढा, मग ती कापा, पानांवर छापलेले नंबर जागचे हलत नाहीत. वेगळ्या फाईली केल्या की काय होतं ते मी पाहिलंय, एका मुलीला गाईडनी शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या प्रकरणात दोन पानं वाढवायला सांगितली, तिने तिसऱ्याचा सुरुवातीचा नंबर बदलला, चौथ्याचा बदलायचा राहिला, अनुक्रमणिका तर हातानेच टाईप केलेली, आणि चूक दिसली तेव्हा पाच प्रती रेक्झिन बाइंडिंग होऊन सोनेरी अक्षरांसकट तयार होत्या. सगळ्या उसवाव्या लागल्या. एकच फाईल आणि मथळ्यांना हेडिंग स्टाईल असती तर वर्डनेच बनवलेल्या अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ नाईन दाबलं की सगळे आकडे स्वतःहून बदलले असते.

पांढरा चौकोन कृपा करून नको. तो नंबर झाकतो, काढत नाही, पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की आकडा बाहेर येतो. एकच मुखपृष्ठ असेल तर डिफरंट फर्स्ट पेज वर टिक करा.

मराठी आकड्यांचा सल्ला वाचून मला खरंच वाईट वाटलं. फूटरमध्ये हाताने ५ लिहिलं तर त्या सेक्शनच्या प्रत्येक पानावर ५ च दिसणार, मग लोक पानापानावर टेक्स्ट बॉक्स टाकत बसतात, २४० पानांना २४० बॉक्स, आणि एक परिच्छेद वाढला की सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा ऑप्शन्समध्ये लँग्वेजखाली एडिटिंग लँग्वेज म्हणून हिंदी जोडा, वर्ड बंद करून परत उघडा, आणि नंबर फॉरमॅटच्या यादीत खाली जा, १, २, ३ तिथे आहे. त्याच यादीत एक, दो, तीन असे हिंदी शब्दही असतात, ते चुकून घेऊ नका. अनुक्रमणिकेतले आकडेही मग देवनागरीच येतात.

फुकट वेबसाईटचं म्हणाल तर तुमचा अप्रकाशित प्रबंध कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो हे एक, आणि तिथे मारलेल्या नंबरांची वर्डमधल्या अनुक्रमणिकेला खबरही नसते, एक ओळ सुधारली की पुन्हा पहिल्यापासून. स्कॅन केलेली परिशिष्टं, प्रश्नावल्या, परवानगीची पत्रं यांना मात्र पीडीएफवरच नंबर मारावा लागतो असं वाटतं, पण त्यावरही उपाय आहे. वर्डमध्ये तेवढी पानं कोरी ठेवा, त्यांना नंबर येऊ द्या, आणि स्कॅनचं चित्र जरा लहान करून त्या पानात बसवा.

प्रिंट काढताना एक लक्षात ठेवा. फाईलीत आता १ नंबरची दोन पानं आहेत, एक रोमन आणि एक साधं, म्हणून वर्डमध्ये नुसतं "१ ते १०" टाकलं तर गोंधळ होऊ शकतो. पानांच्या चौकटीत इंग्रजीत पी, मग पानाचा नंबर, मग एस, मग सेक्शनचा नंबर असं मध्ये जागा न सोडता लिहा (उदाहरणार्थ p1s2), की नेमकी तीच पानं निघतात. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ देताय तर तो माणूस स्क्रीनवरची पानं मोजतो, छापलेले नंबर बघत नाही, तेव्हा त्याला सुरुवातीची रोमन पानं किती आहेत ते आधीच सांगून ठेवा.