किती एकर?

कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं "खत द्या" म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, "किती एकर?" आणि आपल्याकडे काय, तर बाल्कनी. मोगरा, दोन गुलाब, तुळस आणि कोणीतरी आणून टाकलेला मनी प्लांट. युरियाची गोणी येते ४५ किलोची आणि कुंडीला लागतो चिमूटभर, म्हणजे एक गोणी घेतली की नातवंडांच्या कुंड्यांचीपण सोय झाली समजा.

बरं, खताच्या पाकिटावरचे ते आकडे! १९:१९:१९, १८:४६:०, अगदी मटक्याचा बोर्ड. पहिला नत्राचा म्हणजे पानं, दुसरा स्फुरद म्हणजे मुळं, तिसरा पालाश म्हणजे फुलं-फळं, एवढं कळलं की युरियाचं प्रेम उतरतं, कारण त्यात ४६ टक्के नत्र आणि बाकी काहीच नाही, गुलाब नुसता पानांनी माजतो आणि कळीचा पत्ता नाही. मग १९:१९:१९ आणायचं, लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम. एक ग्रॅम! आमचा किचनचा काटा एवढ्याशाने हलतपण नाही, सोनाराकडेच जायला हवं.

त्यात सल्ले. सासूबाई म्हणतात शेणखत, शेजारच्या काकू म्हणतात कांद्याच्या सालींचं पाणी, मावशी म्हणते चहाचा चोथा, आणि तो न धुता टाकला तर साखरेपायी अख्ख्या मजल्यावरच्या मुंग्या मोगऱ्याखाली जमतात हे ती सांगत नाही. ऑफिसातला एकजण जीवामृतवाला आहे, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि २०० लिटर पाणी. लिफ्टमधून पिंप कसं न्यायचं ते विचारलं तर म्हणतो इच्छा पाहिजे. (मनी प्लांटला कोणी काही घालत नाही, तो मजेत पडद्याच्या रॉडपर्यंत पोचलाय.)

शेवटी शेंगदाणा पेंड भिजवली. चार-पाच दिवस मुरवायची असते म्हणे, पण तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी ड्रेनेज तुंबलंय म्हणून प्लंबर बोलावला. तो पाइप ठोकत, वास घेत घेत बरोब्बर आमच्या बाल्कनीत येऊन थांबला, बादलीत डोकावला आणि म्हणाला, "ताई, पेंड ना? दहापट पाणी घालून टाका हां, आणि माती आधी ओली करा, नाहीतर मुळं जळतील."

सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात उभे, आणि हा शांतपणे कुंड्या बघतोय.

"मिरच्या नाही लावल्या?"