पाडव्याच्या पहाटेचा तो फोटो खरा आहे

२०२५ च्या गुढीपाडव्याला माझ्या भाच्याने पाटण तालुक्यातल्या घराच्या गच्चीवरून, पहाटे साडेचारला, आकाशगंगेचा फोटो काढला. मोबाइल कठड्यावर विटेला टेकवून ठेवला होता. सकाळी तो फोटो घरच्या ग्रुपवर आला आणि पाच मिनिटांत कुणीतरी त्याखाली तो मेसेज चिकटवला, जो आपल्याकडे बऱ्याच दिवसांपासून फिरतो आहे: ‘आकाशगंगेचे फोटो म्हणजे फसवणूक. डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेऱ्यात कुठून येणार? रंग कॉम्प्युटरवर भरलेले असतात. गोल फिरणाऱ्या ताऱ्यांचे फोटोही तसेच. खरा फोटो काढायला पाच लाखांचा कॅमेरा आणि लडाखचं आकाश लागतं, आपल्या भागातून ते होत नाही. काढायचाच तर पौर्णिमेला काढा, तेव्हा उजेड असतो.’ पोराने ग्रुपवरचा फोटो डिलीट केला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आकाशगंगा डोळ्यांना दिसत नाही, हे आधी चूक. साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या रस्त्याला गाडी लावून, दिवे बंद करून, मोबाइल खिशात ठेवून वीस-तीस मिनिटं नुसतं थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि मधेच एकदा जरी स्क्रीन बघितली तरी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. मग वृश्चिकाच्या शेपटीपासून वर चढणारा फिकट पांढुरका पट्टा साध्या डोळ्यांनी दिसतो. माझ्या आईने तो लहानपणी अंगणात झोपताना रोज बघितला आहे. फोटोत तो जास्त ठळक येतो, हे मात्र खरं. कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्शात एक चित्र तयार होतं आणि पुसलं जातं. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, वीस सेकंद उघडा ठेवला, तर वीस सेकंदांचा प्रकाश त्यात जमत जातो. पागोळीखाली ओंजळ धरली तर पाणी निसटून जातं, हंडा ठेवला तर भरतो. पाणी तेच असतं.

ही गोष्ट आजची नाही. अँड्र्यू कॉमन नावाचा इंग्लंडमधला एक हौशी निरीक्षक होता, पेशाने सांडपाण्याच्या कामांचा अभियंता. त्याने १८८३ मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, बराच वेळ प्रकाश घेऊन फोटो काढला. दुर्बिणीला डोळा लावूनही जे तारे दिसत नव्हते, ते त्याच्या फोटोच्या काचेवर उमटले. पुढच्याच वर्षी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. त्या काळी फोटोत रंग भरायला कॉम्प्युटर नव्हता.

रंगांचंही तसंच. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी बघतो, त्या दंडपेशींना रंग कळत नाहीत आणि गडद लाल तर जवळपास दिसतच नाही. हायड्रोजनचे ढग नेमके ६५६ नॅनोमीटरच्या लाल रंगात चमकतात. ते आपल्याला करडे वाटतात, सेन्सरला लाल दिसतात. क्षितिजाजवळ कधीकधी हिरवट छटा येते, ती साधारण १०० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनची. फोटो नंतर कॉम्प्युटरवर उजळ करतात, हे मी लपवणार नाही. पूर्वी डार्करूममध्ये जे व्हायचं त्यातलाच हा भाग आहे. पण जांभळा-निळा भडक करून टाकलेले फोटो मलाही खटकतात, आणि पूर्ण बनावट फोटोही असतात. ते ओळखायचे तर आकाशच माहीत असावं लागतं. उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या फोटोत वृश्चिक दिसला, तर तो फोटो जोडलेला आहे, कारण साताऱ्यातून वृश्चिक कधीच उत्तरेला जात नाही. डिसेंबरच्या मध्यरात्री धनू राशीतली आकाशगंगा दाखवली असेल तरी तेच, कारण तेव्हा सूर्यच त्या दिशेला असतो. काही फोटो खोटे म्हणून सगळे खोटे ठरवणारा माणूस ही तपासणी कधीच करत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

गोल फिरणाऱ्या ताऱ्यांचं उत्तर छोटं आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. दोन तास सलग फोटो घेऊन एकत्र केले की प्रत्येक ताऱ्याचा ३० अंशांचा कंस दिसतो. आपल्याकडे या वर्तुळांचा मध्य उत्तर क्षितिजापासून १७-१८ अंशांवर, म्हणजे बराच खाली येतो. ध्रुवताराही अगदी मध्यावर नसतो, त्याचाही एक बारीक कंस उमटतो. खऱ्या फोटोत हे दोन्ही सापडतं.

आता लडाख. लडाखच्या आकाशाला मी कमी लेखणार नाही. हानले सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे आणि २०२२ मध्ये तो परिसर अंधाऱ्या आकाशासाठी राखीव झाला. पण आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग, म्हणजे तिचा गाभा, दक्षिणेच्या आकाशात आहे. त्यामुळे आपण जितके उत्तरेला जाऊ तितका तो खाली सरकतो. हानलेहून तो जास्तीत जास्त २८ अंश वर येतो, साताऱ्याहून ४३ अंश. तिथे तो क्षितिजाच्या वर साधारण नऊ तास असतो, इथे साडेदहा तास. या एका बाबतीत आपली जागा लडाखपेक्षा चांगली आहे, आणि हे साताऱ्या-सांगलीतल्या पोरांना कुणी सांगतच नाही. कासहून सातारा शहराचा पिवळा उजेड पूर्वेला दिसतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस आकाश धुऊन गेलेला असतो, तेव्हा संध्याकाळी साडेसातला गाभा नैर्ऋत्येला, कोयनेच्या जंगलाच्या बाजूला असतो. तिकडे दिवे फार थोडे. सांगलीकडच्यांना जत-आटपाडीचं कोरडं माळरान आहे. महाराष्ट्रातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. जून ते सप्टेंबर ढग असतात. उन्हाळ्यात वणव्यांचा आणि शेतात जाळलेल्या पाचटाचा धूर खाली साचतो. आणि कासला फुलांच्या दिवसांत रात्री पठारावर पाऊल टाकायचं नाही, रस्त्याकडेनेच फोटो काढायचा.

पाच लाखांच्या कॅमेऱ्याबद्दल: गूगलने २०१९ मध्येच फोनमध्ये अशी सोय दिली की तो प्रत्येकी १६ सेकंदांचे १५ फोटो घेऊन स्वतःच एकत्र करतो. बऱ्याच साध्या फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात कॅमेऱ्याची सेटिंग हाताने ठरवता येते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर २० सेकंद, फोकस अनंतावर, दहा सेकंदांचा टायमर, फोन हलणार नाही असा आधार, एवढ्यावर सुरुवात होते. ज्याला पुढे जायचं आहे त्याने लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याकडे जुना डीएसएलआर विचारावा. सोबतची १८ मिलिमीटरची लेन्स चालते. लहान सेन्सरसाठी १८ ला दीडने गुणायचं, येतात २७. मग ठोकताळा असा: ५०० ला २७ ने भागलं की साडेअठरा. तेवढ्या सेकंदांच्या आत तारे टिंबासारखे राहतात. एकाच जागेचे १६ फोटो सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केले, तर फोटोतली खरखर चौथ्या हिश्शावर येते.

पौर्णिमेचा सल्ला तर अगदी उलटा आहे. चंद्राच्या उजेडात आकाशच उजळतं आणि आकाशगंगा त्यात बुडून जाते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्या बघायची आणि तिच्या आगेमागे चार-पाच दिवस धरायचे.

भाच्याने नेमकं हेच साधलं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी फाल्गुनी अमावास्या असते, त्यामुळे पहाटे आकाशात चंद्र नव्हता. मी त्याचा मूळ फोटो मागवून घेतला आणि स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाटण, ३० मार्च २०२५, पहाटे साडेचार असं टाकून जुळवला. वृश्चिकातला ठळक तारा ज्येष्ठा बरोबर दक्षिणेला, ४६ अंशांवर, नारिंगी. तिच्या खाली डावीकडे मूळ, म्हणजे वृश्चिकाची शेपटी, आणि त्याच्याही डावीकडे आकाशगंगेचा धनूतला फुगीर भाग, जिथे असायला हवा तिथेच. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात क्षितिजालगत कराडच्या दिव्यांचा पिवळट उजेड आहे. तोही दिशेत बसतो. वेळ आणि दिशा लिहून फोटो पुन्हा ग्रुपवर टाक, असं मी त्याला कळवलं आहे.